चाकू समोर आल्यावर : दोन तासांच्या स्वसंरक्षण वर्गात नेमके काय शिकवावे?

चाफा

पुण्यातील आमच्या गृहसंकुलात महिला आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वसंरक्षणाचा दोन तासांचा वर्ग घेण्याचे घाटत आहे. कल्पना चांगली आहे आणि ती मांडणाऱ्यांची तळमळही खरी आहे. मात्र प्रशिक्षकांनी पाठवलेल्या रूपरेषेत निम्म्याहून अधिक वेळ चाकू हिसकावून घेण्याच्या डावांना दिलेला आहे. सोबतच्या चित्रफितीत हल्लेखोर हात ताठ पुढे करून एकच वार करतो आणि तसाच थांबतो. मग समोरची मुलगी त्याचे मनगट धरून पिरगाळते आणि चाकू खाली पडतो.

खरा हल्ला असा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हल्लेखोर एका हाताने केस, ओढणी किंवा खांदा धरतो आणि दुसऱ्या हाताने जवळून लागोपाठ वार करत सुटतो. त्याचा हात पकडता येईल इतका वेळ एका जागी राहतच नाही. दोन तासांत चार डाव पाहिलेली मुलगी आपल्याला आता हे जमते असे समजून पळण्याऐवजी उभी राहिली, तर त्या वर्गाने तिचे नुकसानच केले असे होईल.

२७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, ते दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ती जिवाच्या आकांताने पळत सुटली, हल्लेखोर तिच्या मागे धावला, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी पुढे होऊन त्याला अडवले व कोयता काढून घेतला. ती वाचली याचे श्रेय त्या तरुणांना आहेच, पण ते पोहोचेपर्यंत ती पळत राहिली यालाही आहे. म्हणून मला असे वाटते, की वर्गातला पहिला धडा पळण्याचा, अंतर राखण्याचा आणि आरडाओरडा करण्याचा असावा. समितीच्या बैठकीत हे मांडायचे आहे. जाणकारांनी आपली मते द्यावीत, आणि दोन तासांत नेमके काय बसवता येईल तेही सुचवावे.

रानवाट

पूर्ण सहमत. सोन्याची साखळी, पाकीट, फोन यांपैकी काहीही मागितले तर देऊन टाकावे आणि निघावे, हेही स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. आपल्याकडे वस्तू वाचवण्याच्या नादात झटापट करून जीव धोक्यात घालणारे बरेच असतात.

दमसास

मी नाशिकमध्ये बरीच वर्षे कराटे शिकवतो. चाफाताई, तुमच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते सिद्ध करायला फार खटाटोप लागत नाही. आमच्याकडे नवीन विद्यार्थ्याला पांढरा सदरा घालायला सांगतो आणि समोरच्याच्या हातात चाकूऐवजी लाल स्केचपेन देतो. विद्यार्थ्याने पेन हिसकावायचे, आणि समोरच्याने त्याला कुठेही, कसेही टोचायचे, एवढाच नियम. काही क्षणांत खेळ थांबवावा लागतो. सदऱ्यावर पोटाच्या डाव्या बाजूला ठिपक्यांचा पुंजका असतो, मानेवर एक-दोन रेघा असतात आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी पाहतात नेमके तिथे, आडव्या रेघांवर रेघा पडलेल्या असतात. पेन हिसकावण्यात यश आले तरी सदरा स्वच्छ राहिलेला सहसा दिसत नाही. वर्षानुवर्षे सराव केलेल्यांचीही स्थिती याहून फार वेगळी नसते.

तुमच्या प्रशिक्षकांना हा प्रयोग वर्गात करून दाखवायची विनंती करा. त्यांना विषयाची खरी जाण असेल तर ते आनंदाने तयार होतील, आणि पाहणाऱ्यांना पळणे का महत्त्वाचे आहे ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

निशिगंध

चाफाताई, तुमच्या मांडणीशी मी अर्धीच सहमत आहे. पळा असे सांगणे सोपे आहे, पण माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्यांनी काय करावे? कडेवर मूल असलेल्या बाईने काय करावे? उद्वाहनात कोणी सोबत शिरला तर कुठे पळावे? तुमच्या वर्गाला येणार आहेत त्याच महिला आणि ज्येष्ठ, म्हणजे ज्यांना पळणे सर्वांत अवघड आहे ते.

दुसरे असे, की प्रत्यक्ष प्रसंगात माणूस पळतही नाही आणि लढतही नाही, तो थिजतो. पाय जड होतात, आवाज फुटत नाही. शरीराला काहीतरी करण्याची सवय असेल तरच ती थिजलेली अवस्था लवकर सुटते. त्यासाठी हातपाय हलवणारा सराव हवा, निव्वळ व्याख्यान देऊन भागणार नाही. ते डाव तांत्रिकदृष्ट्या कच्चे असतीलही, पण ज्या बाईने आयुष्यात कधी कोणाला ढकलले नाही ती तेवढ्या निमित्ताने पहिल्यांदा जोर लावून ढकलते आणि पोटातून ओरडते, ही गोष्ट मी लहान मानणार नाही.

कोल्हापुरी_पवित्रा

निशिगंध यांचा मुद्दा मोलाचा आहे. सराव हवाच, पण कशाचा, हा खरा प्रश्न आहे.

आमच्याकडे मर्दानी खेळाच्या आखाड्यात नव्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी दांडपट्टा कोणी देत नाही. आधी पवित्रे घोटून घेतले जातात, म्हणजे पाय कुठे पडावा, अंग कोणत्या बाजूने वळावे आणि समोरच्याच्या टप्प्याबाहेर कसे राहावे. लाठी त्यानंतर येते, आणि लाठी फिरवणारा खरे तर स्वतःभोवती अंतराचे रिंगण आखत असतो. शस्त्राचे पाते आणि आपले अंग यांत किती जागा आहे हे डोळ्यांना आपोआप कळू लागणे, ही आखाड्याची मोठी देणगी आहे.

सुरी आणि कोयता यांतही फरक आहे. कोयत्याचा वार वरून किंवा बाजूने, हात पूर्ण उगारून येतो. तो येताना दिसतो, आणि त्याचा सगळा जोर पात्याच्या पुढच्या भागात असतो. सुरीला हात उगारावा लागत नाही. ती कमरेपाशी किंवा मांडीमागे लपलेली असते आणि जवळून खुपसली जाते, त्यामुळे बऱ्याचदा ती दिसतच नाही. म्हणून अनोळखी माणूस नको तितका जवळ येऊ लागला आणि त्याचा एक हात दिसत नसला, की दोन पावले मागे सरून मोठ्याने ‘तिथेच थांबा’ म्हणायला शिकवावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. ज्येष्ठांनाही हे जमते. त्यासाठी गुडघे धड असण्याची गरज नाही.

थेम्सकाठ

मी गेली अनेक वर्षे लंडनमध्ये राहते. येथे पोलीस २०१५ पासून अशा हल्ल्यांसाठी तीनच शब्द सांगत आले आहेत : पळा, लपा, कळवा. शस्त्र हिसकावण्याचा त्यात उल्लेखही नाही. मात्र पळता येत नव्हते तेव्हा लोकांनी काय केले, हे निशिगंध यांच्या प्रश्नाच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

३ जून २०१७ रोजी लंडन ब्रिज परिसरात तिघे जण चाकू घेऊन लोकांवर तुटून पडले. खानावळींत अडकलेल्या लोकांनी त्यांच्यावर खुर्च्या, बाटल्या आणि पेले फेकले. पहिला फोन गेल्यापासून ८ मिनिटांत पोलिसांनी तिन्ही हल्लेखोरांना ठार केले. लंडनच्या ऐन मध्यवस्तीतही ८ मिनिटे लागली, आणि तेवढी मिनिटे लोकांना स्वतःच निभावून न्यावी लागली. पुढे २९ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याच पुलाजवळच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये एकाने चाकूहल्ला केला, तेव्हा उपस्थितांपैकी एकाने भिंतीवर शोभेसाठी लावलेला नारव्हाल या सागरी प्राण्याचा लांबलचक दात उपसून हाती घेतला आणि दुसऱ्याने अग्निशामक नळकांड्याचा फवारा हल्लेखोराच्या तोंडावर सोडला. त्याला मागे रेटत पुलावर आणून त्यांनी खाली पाडले.

या दोन्ही प्रसंगांत कोणीही मनगट पिरगाळायला गेले नाही. हाताला येईल ती लांब, जड किंवा फवारणारी वस्तू मधे आणली. आपल्या इमारतींतही प्रत्येक मजल्यावर लाल नळकांडे टांगलेले असते. ते कसे काढायचे आणि खटका कसा दाबायचा हे किती रहिवाशांना ठाऊक आहे?

चाफा

निशिगंध, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. ‘पळा’ हा शब्द अपुरा आहे आणि मी तो फार मोकळेपणाने वापरला. ‘आपण आणि पाते यांत अंतर किंवा अडसर आणा’ असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. थेम्सकाठ, नळकांड्याची सूचना तर लगेच टिपून घेतली. अग्निसुरक्षेचे प्रात्यक्षिक तसेही करायचेच असते, ते याच वर्गाला जोडता येईल.

गिरणगावकर

अडसराचा विषय निघाला म्हणून २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची आठवण करून देतो. शस्त्रे तेव्हा वेगळी होती, पण माणसांनी दाखवलेली समज येथेही लागू पडते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे यांनी जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना देणे चालू ठेवले. ‘पळा’ एवढेच न म्हणता कुठून पळा हेही सांगितल्यामुळे असंख्य जीव वाचले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी प्रसूती कक्षाचे दरवाजे लावून घेतले आणि २० गर्भवती महिलांना आतल्या एका लहानशा खोलीत हलवले. ज्यांना पळता येणे शक्यच नव्हते अशा बायकांना त्यांनी सुखरूप ठेवले. निशिगंध यांच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही : बंद दार.

आणि जेथे पळणे आणि लपणे दोन्ही शक्य नव्हते तेथे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी घट्ट धरून ठेवली आणि ती सोडली नाही. गोळ्या त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि त्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शस्त्र धरायचेच झाले तर ते दोन्ही हातांनी, सर्व शक्तीनिशी आणि दुसरा कोणी मदतीला असताना, एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे. ते त्यांचे कर्तव्यापोटी केलेले बलिदान होते. सामान्य नागरिकाकडून त्याची अपेक्षा ठेवणे मात्र अन्याय्य होईल.

शल्यक

मी शस्त्रक्रिया विभागात काम करतो, त्यामुळे हल्ल्यानंतरची बाजू सांगतो. या चर्चेत ती अजून आलेली नाही, आणि जीव बहुधा तिथेच वाचतो किंवा जातो.

भोसकलेल्या अनेक रुग्णांना आपल्याला चाकू लागला हे त्या क्षणी कळलेलेच नसते. कोणी बुक्का मारला असे त्यांना वाटते, आणि कपडे ओले लागले की मग ते खाली पाहतात. म्हणून झटापटीतून सुटल्यावर, काही झाले नाही असे वाटले तरी, स्वतःच्या अंगावरून, काखेतून, पाठीवरून हात फिरवून तो पाहावा. बाहेरून बोटभर दिसणारी जखम आत यकृतापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत गेलेली असू शकते. तिच्या रुंदीवरून खोलीचा अंदाज बांधू नये.

पाते हाताने धरलेले रुग्णही येतात. तळहातावर आणि बोटांच्या आतल्या बाजूला खोल चिरा पडलेल्या असतात आणि बोटे वाकवणारे टेंडन तुटलेले असतात. ते शिवता येतात, पण पुढे कित्येक महिने व्यायामोपचार करूनही मूठ पूर्वीसारखी वळेलच असे नाही. वार अडवणे भागच पडले तर हाताची बाहेरची, हाडाची बाजू पुढे असावी आणि मनगटाची आतली बाजू आपल्या छातीकडे. हातात पिशवी, दप्तर, उशी, हेल्मेट यांपैकी काही असेल तर तेच पुढे करावे.

घुसलेला चाकू किंवा त्याचा तुकडा ओढून काढू नये. अनेकदा त्याच पात्याने आतली रक्तवाहिनी दाबून धरलेली असते. १६ जानेवारी २०२५ रोजी अभिनेते सैफ अली खान यांच्यावर त्यांच्या वांद्र्याच्या घरात हल्ला झाला, तेव्हा पात्याचा तुकडा पाठीच्या कण्याशी रुतलेला होता. त्याच अवस्थेत ते रिक्षाने लीलावती रुग्णालयात पोहोचले आणि तो तुकडा शस्त्रक्रिया करून काढण्यात आला.

हातापायातून रक्त उसळून येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार देऊन दाबावे आणि दर मिनिटाला उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. तेवढ्याने थांबले नाही तर जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला दोन-तीन इंचांवर, सांधा सोडून रुंद पट्टी बांधावी, तिच्यात काठी किंवा जाड पेन अडकवून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यावा आणि वेळ लिहून ठेवावी. दोरी किंवा तार वापरू नये, ती कातडीत रुतते. जांघेत किंवा काखेत पट्टी बांधता येत नाही. तेथे कापड जखमेच्या आत बोटाने दाबून भरावे आणि वरून दाब कायम ठेवावा. मोठी धमनी तुटली असेल तर हाताशी फार थोडी मिनिटे असतात. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत ती मिनिटे शेजाऱ्याच्या हातात असतात, माझ्या नव्हे.

दोन तासांपैकी पाऊण तास याला द्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

रानवाट

शल्यक यांचा प्रतिसाद छापून प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावण्यासारखा आहे. एक शंका आहे. पोलीस येईपर्यंत रुग्णालय उपचार नाकारते, अशी भीती लोकांच्या मनात घट्ट बसलेली आहे. त्याचे काय?

न्यायतुला

मी वकिली करते, म्हणून याचे आणि पुढे येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर एकत्रच देते. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे, की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी, आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. दारात कोणी अडवले तर हे नाव घेऊन बोला.

आता पुढचा प्रश्न : प्रतिकारात हल्लेखोरालाच इजा झाली तर आपल्यावर गुन्हा दाखल होईल का? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. पूर्वीच्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. हा हक्क फक्त स्वतःपुरता नाही, दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही तो आहे. त्यामुळे सदाशिव पेठेत धावून गेलेले तरुण कायद्याच्या भक्कम आधारावर उभे होते. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा अॅसिडहल्ल्याचा प्रयत्न असेल, तर कलम ३८ नुसार हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंतही जातो.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि भीती संपली की हक्कही संपतो. चाकू खाली पडला, माणूस पळू लागला किंवा जमावाने त्याला जखडून ठेवले, त्यानंतर मारलेला फटका हा संरक्षणाचा नसतो. आपल्याकडे पकडलेल्या माणसाला जमावाने बेदम मारण्याची जी रीत पडली आहे ती कायद्यापुढे टिकत नाही, आणि मलाही ती पटत नाही. त्याच वेळी ‘दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या २०१० च्या निकालात न्यायालयाने हेही म्हटले आहे, की जिवावर बेतलेल्या माणसाने प्रतिकाराची पायरी न पायरी मोजून मापून टाकावी अशी अपेक्षा कोणी धरू नये. पळून जाण्याचे कायदेशीर बंधन कोणावरही नाही. पळा हा सल्ला जीव वाचवण्यासाठी आहे आणि मला तो शंभर टक्के मान्य आहे, पण जो पळाला नाही तो कायद्याने दोषी ठरत नाही.

एकला_वाटसरू

एवढे सगळे करण्यापेक्षा परवाना काढून पिस्तूल बाळगणे सोपे नाही का? किंवा निदान पर्समध्ये एखादा चांगला चाकू असावा. हल्लेखोर शस्त्र घेऊन येणार आणि आपण उशी पुढे करणार, हे मनाला पटत नाही.

दमसास

वाटसरू, तुमची चीड समजते, पण अंतराचे गणित आपल्या बाजूने नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडले, की २१ फुटांवर उभा असलेला माणूस साधारण दीड सेकंदात धावत येऊन चाकू लावू शकतो, आणि कमरेचे पिस्तूल काढून नेम धरायला प्रशिक्षित पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. उद्वाहनात किंवा जिन्यात २१ फूट मिळत नाहीत. पर्समधला चाकू तर सापडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, आणि तो हिसकावला गेला तर हल्लेखोराकडे दोन शस्त्रे होतात.

न्यायतुला

शिवाय शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीच्या वापरासाठी नसलेले शस्त्र बाळगायला परवाना लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्या काळात काठी आणि लहान चाकू घेऊन फिरणेही अडचणीत आणू शकते. मिरचीच्या फवाऱ्याला आपल्याकडे परवाना लागत नाही.

थेम्सकाठ

येथे ब्रिटनमध्ये मात्र तोच फवारा बेकायदा शस्त्रांत मोडतो, म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलींनी तो सामानात टाकण्यापूर्वी त्या देशाचा नियम अवश्य पाहावा. विमानात हातातल्या सामानातूनही तो नेता येत नाही.

निशिगंध

फवाऱ्याबद्दल एक अनुभव. पर्सच्या तळाशी, किल्ल्या आणि रुमालाखाली पडलेल्या फवाऱ्याचा उपयोग नाही. तो हातात असावा, तोंड कोणत्या दिशेला आहे ते अंधारातही बोटाला कळावे, आणि मुदत संपली की बदलावा. बंद उद्वाहनात मारला तर आपलेही डोळे जातात, वारा समोरून असेल तर सगळा आपल्यावरच येतो. मैत्रिणींनी मिळून एकदा मोकळ्या मैदानावर पाण्याच्या फवाऱ्याने सराव करावा. आणि मारून तिथेच पाहत उभे राहू नये, निघावे.

अबोली

बराच विचार करून लिहीत आहे. आतापर्यंतची सगळी चर्चा रस्त्यावरच्या अनोळखी हल्लेखोराची झाली. माझ्या परिचयातील एका मुलीवर हात उगारणारा तिच्या ओळखीचा होता, आणि सदाशिव पेठेतलाही परकाच होता असे नाही. अशा प्रकरणांत हल्ल्याच्या आधी आठवडे किंवा महिने धमक्या, पाठलाग, रात्रीअपरात्री फोन, ‘माझी नाही तर कोणाचीच नाही’ असली भाषा चाललेली असते. घरातल्यांना ते ठाऊक असते, आणि बदनामी नको म्हणून सगळे गप्प बसतात. त्या मुलीच्या घरीही तेच झाले. तक्रार द्यायला गेल्यावर तेथील एका कर्मचाऱ्याने समजुतीने मिटवा असा सल्ला दिला, आणि ते मुकाट्याने परत आले.

वर्गात याबद्दल एक शब्द तरी बोलला जावा. शेवटची भेट, समजावण्यासाठी एकदा भेट, वस्तू परत करायला भेट, अशा बोलावण्याला एकटीने जाऊ नये. गेलेच पाहिजे तर गजबजलेल्या ठिकाणी आणि सोबत घेऊन जावे. आणि हिंसा घरातच असेल तर वाद पेटताना स्वयंपाकघरात थांबू नये, कारण सुऱ्या तिथेच असतात. बाहेर पडायच्या दाराजवळ राहावे.

न्यायतुला

अबोली, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि प्रत्यक्ष भेटण्याइतकाच समाजमाध्यमांवरून केलेला पाठलागही त्यात येतो. धमकीसाठी कलम ३५१ आहे. संदेश पुसून टाकू नयेत. तारखांसह जपून ठेवावेत. एका ठाण्यात दाद मिळाली नाही तर गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला हे न पाहता कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, आणि ठाणे नोंदवून घेत नसेल तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे लेखी पाठवता येते. घरातल्या हिंसेसाठी २००५ चा कायदा आणि १८१ ही महिला मदतवाहिनी आहे. तातडीच्या प्रसंगी ११२.

नागझिरा

बघ्यांविषयीही बोलले पाहिजे. १८ जून २०२४ रोजी वसईत भररस्त्यात एका तरुणीवर लोखंडी पान्याने वार होत होते आणि आजूबाजूला बरीच माणसे होती. एकाने अडवण्याचा प्रयत्न केला, हल्लेखोराने त्यालाच धमकावले, आणि बाकीचे जागचे हलले नाहीत. ती गेली. त्या माणसांना दगडाच्या काळजाची म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. आपण एकट्याने पुढे गेलो तर मागून कोणी येईल याची खात्री प्रत्येकाला नव्हती, आणि काय करायचे हेही कोणाला माहीत नव्हते.

‘कोणीतरी वाचवा’ या हाकेला कोणीच उत्तर देत नाही. ‘निळा सदरा, तुम्ही ११२ ला फोन लावा, दुकानदार, शटर अर्धे उघडा, तिला आत घ्या, तुम्ही तिघे माझ्यासोबत चला’, अशी नेमकी हाक हवी. अंगावर न जाता लांबून दगड, वीट, खुर्ची फेकता येते, गाडीचा भोंगा अखंड वाजवता येतो. हल्लेखोराचे लक्ष वळले तरी तिला उठून पळायला वेळ मिळतो.

कोल्हापुरी_पवित्रा

नागझिरा यांनी मर्मावर बोट ठेवले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे आपण लहानपणापासून म्हणतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याला जिरेटोप घातलेला होता, भेटीच्या अटी आधी ठरवून घेतल्या होत्या, आणि सय्यद बंडाचा वार अडवायला जिवा महाला जागेवर होता. शाळेत आपण वाघनखांपाशीच थांबतो. त्याआधीची तयारी आणि सोबतचा माणूस यांचा विचार या वर्गात आवर्जून व्हावा.

चाफा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली. दमसास यांचा स्केचपेनचा प्रयोग मी बैठकीतच करून दाखवला. प्रशिक्षकही हजर होते. त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, की चित्रफितीतले डाव दीर्घ सरावासाठी आहेत आणि दोन तासांत ते शिकवणे योग्य नाही.

नवी आखणी अशी ठरली आहे. सुरुवात स्केचपेनच्या प्रयोगाने होईल. मग मागे सरणे, हात पुढे धरून मोठ्याने थांबवणे, धरलेला हात किंवा ओढणी सोडवून निघणे, आणि खुर्ची वा पिशवी मधे आणणे, याचा सराव सर्वांकडून करून घेतला जाईल. ज्येष्ठांसाठी तोच सराव बसून आणि दाराच्या आतून होईल. निशिगंध म्हणतात ती ढकलण्याची आणि ओरडण्याची सवय यातच लागेल. वाहनतळात अग्निशामक नळकांडे प्रत्येकाने एकदा हाताळायचे आहे. शेवटचा पाऊण तास रक्तस्राव थांबवण्यासाठी राखला आहे आणि संकुलातल्याच एक डॉक्टर तो घेणार आहेत. अबोली, तुमच्या मुद्द्यावर बोलायला एक समुपदेशक येत आहेत. ते सत्र फक्त महिलांसाठी आणि वेगळ्या दिवशी ठेवले आहे, म्हणजे मोकळेपणाने विचारता येईल.

शल्यक

उत्तम. पट्टी बांधण्याच्या सरावासाठी जुन्या सुती साड्यांचे चार बोटे रुंद पट्टे आणि जाड पेन आधीच जमवून ठेवा. प्रत्येकाने एकमेकांच्या दंडावर एकदा तरी बांधून पाहावे, पण सरावात पूर्ण पीळ देऊ नये आणि लगेच सोडावे. जखमेत कापड भरण्याचा सराव दुधाच्या रिकाम्या पिशवीत फोम घालून करता येतो.

रानवाट

फाटकावरच्या सुरक्षारक्षकांनाही या वर्गात बसवा, आणि त्या दिवसाची त्यांची पगारी पाळी धरा. काही घडलेच तर सर्वांत आधी धावत येणार आहेत ते तेच, आणि आजपर्यंत त्यांच्या हाती आपण फक्त शिट्टी आणि नोंदवही दिलेली आहे.

चाफा

रास्त आहे. दोन्ही पाळ्यांच्या रक्षकांसाठी वर्ग दोनदा घ्यावा लागेल. प्रशिक्षकांना आजच विचारते.